भावनांचा कल्लोळ : स्वीकार आणि शिस्त

(छत्रपती संभाजीनगर येथे पालक व कार्यकर्ते यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



वृत्तपत्राच्या व्यवसायात काही शब्दप्रयोग इतके रुळलेले असतात की, त्यांच्याकडे कोणाचे लक्षही जात नाही. 'किरकोळ कारणावरून' हा त्यांपैकी एक. आईने मोबाईल काढून घेतला, वडील गुणांवरून बोलले, नवऱ्याशी वाद झाला, मैत्रिणीने फोन उचलला नाही आणि 'किरकोळ कारणावरून' एक तरुण जीव गेला. बातमी चार ओळींत संपते. वाचणारा हळहळतो आणि म्हणतो, "हल्लीच्या मुलांना सहनच होत नाही." पण वणवा पेटला, तर आपण त्याचा दोष केवळ शेवटच्या ठिणगीला देत नाही. रान किती सुकले होते, वारा कोणत्या दिशेचा होता, हेही पाहतो. माणसाच्या मनाच्या बाबतीत मात्र आपण ठिणगीपाशीच थांबतो.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या वर्षात देशात १,७०,९२४ व्यक्तींनी आत्महत्या केली. त्यांपैकी २२,७४६ महाराष्ट्रातील होत्या. ही संख्या सर्व राज्यांत सर्वाधिक होती. याच अहवालात कारणांची वर्गवारी आहे. त्यात पहिले स्थान कर्जाचे नाही, परीक्षेचेही नाही. ते कौटुंबिक समस्यांचे आहे. त्यांचा वाटा सुमारे ३२ टक्के. ज्या कुटुंबव्यवस्थेचा आपण यथार्थ अभिमान बाळगतो, तिच्या उंबरठ्याच्या आत हे घडते आहे. म्हणून हा विषय डॉक्टरांवर सोपवून आपल्याला मोकळे होता येणार नाही. मी मानसोपचारतज्ज्ञ नाही, पत्रकार आहे. जे वाचले आणि जाणत्यांकडून समजून घेतले, ते आपल्यापुढे मांडतो.

काही माणसे भावनेच्या बाबतीत जन्मतःच हळवी असतात. हळवी म्हणजे दुबळी नव्हेत. त्यांच्या बाबतीत तीन गोष्टी दिसतात. भावना चटकन उसळते, ती फार उंच जाते आणि ओसरायला फार वेळ लागतो. तुम्हा-आम्हाला एखादा टोमणा लागला, तर अर्ध्या तासात तो विरतो. अशा व्यक्तीच्या मनात तो दुसऱ्या दिवशीच्या संध्याकाळपर्यंत धगधगत राहतो आणि त्यावर दुसरा टोमणा येऊन पडतो. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांनी यासाठी भाजलेल्या माणसाची उपमा दिली आहे. कातडी जळालेल्या माणसाला नुसता स्पर्शही असह्य होतो. तसे हे लोक भावनेच्या कातडीवाचून जगत असतात.

आता अशी मुलगी किंवा असा मुलगा आपल्या घरात असेल, तर आपण काय करतो? बहुधा तीन गोष्टी करतो. पहिली म्हणजे उडवून लावतो : "एवढ्याशा गोष्टीवरून काय रडतेस? नाटके पुरेत." दुसरी म्हणजे तुलना करतो : "तुझी चुलतबहीण बघ, ती कधी असे करते का?" आणि तिसरी, सर्वांत घातक गोष्ट म्हणजे, आरडाओरडा टोकाला गेला की, भिऊन शरण जातो. हळू आवाजात सांगितलेले ऐकले जात नाही, पण भांडे फेकल्यावर लगेच ऐकले जाते, हा धडा त्या मुलाला नकळत आपणच देतो. लिनेहान यांचा सिद्धान्त थोडक्यात असा आहे. जन्मजात हळवेपणा आणि भावनेला सतत खोटे ठरवणारे वातावरण या दोहोंच्या परस्परक्रियेतून हा विकार वाढत जातो. एकटी प्रकृती दोषी नाही आणि एकटे घरही दोषी नाही. त्यामुळे 'संस्कार कमी पडले' असे म्हणून कोणा आईला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याचे कारण नाही. शिकायचे मात्र दोघांनाही आहे.

या लिनेहान कोण, हे सांगायला हवे. त्यांचा जन्म १९४३ चा. १९६१ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, त्यांना हार्टफर्ड येथील मनोरुग्णालयात दाखल करण्यात आले. स्वतःला इजा करून घेणाऱ्या या मुलीला दोन वर्षांहून अधिक काळ तेथे राहावे लागले. औषधे झाली, विजेचे झटके झाले, एकांतकोठडी झाली. उपयोग काहीच झाला नाही. त्या नरकातून आपण बाहेर पडायचे आणि मग परत जाऊन इतरांना बाहेर काढायचे, असा निश्चय या मुलीने केला. पुढे त्या मानसशास्त्र शिकल्या, सिएटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठात प्राध्यापक झाल्या आणि ज्यांच्यावर उपचार करायला डॉक्टरही कचरत, अशा रुग्णांसाठी त्यांनी एक पद्धती सिद्ध केली. आपण स्वतः त्या वाटेने गेलो होतो, हे त्यांनी जाहीरपणे सांगितले ते २०११ साली, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, आणि तेही त्याच हार्टफर्डच्या संस्थेत.

या पद्धतीचे नाव डायलेक्टिकल बिहेव्हिअर थेरपी, संक्षेपाने डीबीटी. हे नाव आपल्याकडे दोनदा घोटाळा करते. डीबीटी म्हटले की, आपल्याला बँकेच्या खात्यात थेट जमा होणारे अनुदान आठवते. आणि 'डायलेक्टिकल' म्हटले की, आपल्यातल्या वाचन असणाऱ्या मंडळींना मार्क्सचा विरोधविकासवाद आठवून भुवया उंचावतात! येथे त्याचा संबंध नाही. परस्परविरोधी वाटणाऱ्या दोन सत्यांना एकाच वेळी धरून ठेवणे, एवढाच येथे त्याचा अर्थ. पहिले सत्य असे : 'तू आज जशी आहेस, ती समजण्याजोगी आहेस, तुझी वेदना खरी आहे.' दुसरे सत्य असे : 'तुला बदलावे लागेल आणि ते कष्ट तुझे तुलाच करावे लागतील.'

लिनेहान यांनी आरंभी केवळ बदलाचा आग्रह धरून पाहिला. रुग्ण चिडले, 'म्हणजे दोष माझाच' असे म्हणून निघून गेले. मग केवळ स्वीकार करून पाहिला. तेव्हा रुग्ण म्हणाले, 'म्हणजे हे असेच चालू राहणार?' तेही निराश झाले. तेव्हा त्यांच्या ध्यानात आले की, ही दोन्ही चाके एका आसावर बसवावी लागतील. आपल्या घरांतही अनेकदा हेच घडते. बाबांच्या वाट्याला शिस्त, आईच्या वाट्याला माया, आणि मूल दोघांच्या मध्ये. एकाच माणसाच्या एकाच वाक्यात माया आणि शिस्त दोन्ही असणे, हे या उपचाराचे मर्म आहे.

या उपचारात चार कौशल्ये शिकवतात. कौशल्य हा शब्द महत्त्वाचा आहे. पोहता न येणाऱ्याला बुडताना 'धीर धर' असे सांगून भागत नाही. त्याला आधी उथळ पाण्यात हातपाय मारायला शिकवावे लागते.

पहिले कौशल्य सजगतेचे. मनात काय चालले आहे, ते निवाडा न करता पाहणे. 'मी वाईट आहे' असे न म्हणता 'माझ्या मनात आत्ता लाज उसळली आहे' असे म्हणता येणे. या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

दुसरे कौशल्य संकटाचा क्षण निभावून नेण्याचे. भावनेचा पूर शिगेला असताना विचार चालत नाही, त्या वेळी उपदेश वाया जातो. आधी शरीर खाली आणावे लागते. थंडगार पाण्याचा हबका तोंडावर मारला, की नाडी मंदावते. हा शरीराचाच धर्म आहे. जोरात जिना चढणे-उतरणे, उच्छ्वास श्वासापेक्षा लांबवणे, हेही त्यातलेच. ज्यांना हृदयविकार आहे, त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच असे करावे. या उपायांनी प्रश्न सुटत नाही. पण तो आणखी बिघडत नाही आणि जीव वाचतो.

तिसरे कौशल्य भावनेचे नियमन. झोप, जेवण, व्यायाम यांची घडी बसवणे हा त्याचा पाया. त्यावर आणखी एक युक्ती आहे : भावना जिकडे ओढते आणि तिकडे जाणे हिताचे नसते, तेव्हा जाणीवपूर्वक उलट दिशेने पाऊल टाकणे. निराशा म्हणते, पांघरूण घेऊन पडून राहा; तेव्हा उठून अंघोळ करून बाहेर पडायचे. पतंजलींनी योगसूत्रांत प्रतिपक्षभावना सांगितली आहे. तिच्याशी याचे नाते जाणत्यांच्या सहज लक्षात येईल.

चौथे कौशल्य माणसांशी वागण्याचे. जे हवे ते टोमणा न मारता आणि लाचार न होता मागता येणे. "बाबा, काल पाहुण्यांसमोर तुम्ही माझे गुण सांगितलेत. मला फार लाज वाटली. पुढच्या वेळी आधी मला विचाराल का?" घडले ते सांगितले, वाटले ते सांगितले, हवे ते मागितले. ही तीन वाक्ये बोलता येणारे मूल दार आपटणार नाही.

याशिवाय आठवड्यातून एकदा उपचारकाबरोबर स्वतंत्र बैठक असते, रोजची नोंदवही असते आणि अडल्यावेळी उपचारकाला फोन करण्याची मुभा असते. बैठकीत एखाद्या प्रसंगाची साखळी कडी-कडीने उलगडतात. उदाहरणादाखल कल्पना करा. सोळा वर्षांची मुलगी. रात्री उशिरापर्यंत जागी. सकाळी न खाता शिकवणीला गेली. तेथे चाचणीचे गुण लागले. मैत्रीण हसली, ती आपल्यालाच हसली, असे हिला वाटले. घरी आली, तर आई म्हणाली, "आधी मोबाईल ठेव." आणि स्फोट झाला. मोबाईल ही साखळीतली शेवटची कडी. आधीच्या पाच कड्यांपैकी एक जरी निसटली असती, तरी संध्याकाळ वेगळी गेली असती. कोणती कडी तोडणे आपल्या हातात होते, एवढेच शोधायचे असते. गुन्हेगार शोधायचा नसतो. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील ६२ आणि ६३ हे श्लोक आपल्याला पाठ आहेत. विषयांच्या चिंतनापासून आसक्ती, काम, क्रोध, संमोह, स्मृतिभ्रंश असे उतरत बुद्धिनाशापर्यंतचा जिना तेथे पायरी-पायरीने दाखवला आहे. तो आपण पठणासाठी वापरतो. पण आपल्या घरातल्या कालच्या भांडणाला लावून पाहत नाही.

येथे एक मोह टाळायला हवा. असे काही ऐकले की, 'हे सगळे आपल्याकडे आधीच होते' असे म्हणून आपण समाधानाने घरी जातो. त्यात तथ्य नाही असे नाही. लिनेहान यांनी सजगतेचा भाग झेन साधनेतून घेतला. जन्माने ख्रिस्ती असलेल्या या बाईंनी ती साधना जर्मनीत ज्यांच्याकडे केली, ते विलिगिस येगरही एक ख्रिस्ती मठवासीच होते. 'झेन' हा शब्द मुळात आपल्या 'ध्यान' शब्दाचा अवतार. चीनमध्ये त्याचा 'चान' झाला आणि जपानात 'झेन'. ज्या अजिंठ्याच्या विहारांत एके काळी भिक्षूंनी साधना केली, ती लेणी येथून शंभरेक किलोमीटरवर आहेत. शब्द जगभर फिरून रुग्णालयात पोहोचला, आपण मात्र लेणी पाहून परत आलो. 'आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार' अशी आपली म्हण आहे. आपली अडचण उलटी आहे. आडात पाणी आहे. पोहरा सोडण्याचे कष्ट कोणी घेत नाही.

पैठणच्या नाथमहाराजांना आपण शांतिब्रह्म म्हणतो. गोदावरीचे स्नान करून परतताना अंगावर वारंवार थुंकणाऱ्या माणसावर ते रागावले नाहीत, पुन्हा पुन्हा स्नान करून आले, ही कथा आपण मुलांना सांगतो. सांगताना सूर असा असतो की, 'बघ, नाहीतर तू!' पण ती शांती नाथांना कोठे लाभली? चरित्रकार सांगतात की, बालवयातच ते देवगिरीला जनार्दनस्वामींकडे गेले आणि तेथे त्यांनी अनेक वर्षे सेवा व साधना केली. हिशेबातली एका पैची चूक शोधण्यासाठी रात्रभर दिव्यापाशी बसलेल्या एकनाथांची कथा त्याच काळातली. शांती हा त्या साधनेचा परिपाक होता. आपण मुलाला परिपाक दाखवतो आणि देवगिरीची वर्षे वगळतो!

नाथांचीच दुसरी कथा मला या विषयाच्या अधिक जवळची वाटते. गोदावरीच्या तापलेल्या वाळवंटात एक अस्पृश्य मानले गेलेले मूल रडत होते. नाथांनी त्याला उचलून कडेवर घेतले, डोळे पुसले आणि त्याच्या घरी पोहोचवले. 'रडतोस कशाला' असे त्यांनी विचारले नाही. वाळू तापलेली आहे आणि पाय पोळत आहेत, हे त्यांनी आधी मान्य केले. स्वीकार म्हणतात तो हाच.

आता या उपचाराची फलश्रुती आणि मर्यादाही सांगतो. १९९१ साली लिनेहान यांचा पहिला मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. वर्षभराच्या उपचारानंतर स्वतःला इजा करण्याचे प्रकार घटले, रुग्णालयातले दिवस घटले आणि उपचार सोडून जाणाऱ्या रुग्णांचे प्रमाण कमी राहिले. निराशेच्या भावनेत मात्र इतर उपचारांच्या तुलनेत फारसा फरक पडला नव्हता. २००६ साली १०१ स्त्रियांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. एक वर्ष उपचार आणि एक वर्ष पाठपुरावा, अशा दोन वर्षांत आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्यांचे प्रमाण अन्य तज्ज्ञांच्या उपचारांच्या तुलनेत सुमारे निम्मे आढळले. म्हणजे ही जादूची कांडी नाही. ती वर्षभराची मेहनत आहे आणि ती औषधांची जागा घेत नाही. प्रत्येक चिडक्या मुलाला हा विकार असतो, असेही नाही. निदान तज्ज्ञानेच करायचे असते.

महाराष्ट्राला मानसोपचाराचे वैचारिक अंग नवीन नाही. अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती कि. मो. फडके यांनी मराठी माणसापर्यंत पोहोचवली, डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली ठाण्यात आयपीएच ही संस्था उभी केली आणि हा विषय सभागृहांत आणला. मराठवाड्याचे चित्र मात्र विरळ आहे. राज्यातील चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे आहेत. त्यांपैकी एकही आपल्या विभागात नाही. आपल्या शहरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचा, म्हणजे घाटीचा, मानसोपचार विभाग आहे. तेथे जाण्यात कमीपणा नाही. ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची टेलिमानस सेवा सुरू आहे. १४४१६ हा तिचा क्रमांक विनामूल्य आहे आणि दिवसरात्र चालतो. तो दिनदर्शिकेवर गॅसच्या क्रमांकाशेजारी लिहून ठेवा.

कायद्याची भीतीही मनातून काढा. मानसिक आरोग्य अधिनियम, २०१७ ने आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले आणि तिच्या शुश्रूषेचे दायित्व शासनावर टाकले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुन्या दंडसंहितेतील ३०९ वे कलम राहिलेले नाही. तेव्हा 'पोलीस येतील' म्हणून लपवू नका. माझ्या व्यवसायबंधूंनाही सांगणे आहे. प्रेस कौन्सिलने २०१९ साली आत्महत्येच्या वार्तांकनासाठी मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली आहेत. मथळा भडक नको, पद्धतीचे वर्णन नको. 'किरकोळ कारण' हा शब्दप्रयोगही आता आपण मोडीत काढावा.

घरी गेल्यावर काय करायचे, ते सांगून थांबतो. भावनेला नाव द्या आणि ती मान्य करा : "तुला फार राग आला आहे, ते मला दिसते आहे." भावना मान्य करणे म्हणजे वर्तन मान्य करणे नव्हे, त्यामुळे पुढचे वाक्यही तितक्याच शांतपणे म्हणा : "पण भांडी फेकायची नाहीत. अर्ध्या तासाने बसून बोलू." आणि अर्ध्या तासाने खरोखर बसा. मूल हळू आवाजात काही सांगेल, तेव्हा हातातले वर्तमानपत्र खाली ठेवा. ओरडण्याची गरजच उरू देऊ नका. वादळ नसेल, त्या दिवशी श्वासाचा आणि सजगतेचा सराव सर्वांनी मिळून करा. एकट्या मुलाला बसवले, तर ती शिक्षा होते. आणि मूल मरणाची भाषा बोलले, तर 'धमकी देतो आहे' असे समजू नका. शांतपणे, स्पष्ट शब्दांत विचारा. विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही. उलट ओझे हलके होते. त्या रात्री त्याला एकटे सोडू नका आणि दुसऱ्या दिवशी तज्ज्ञाकडे घेऊन जा. क्षण निकराचा वाटला, तर सकाळची वाट न पाहता तडक रुग्णालय गाठा.

आपल्यापैकी अनेकांचे घरोघर जाणे-येणे असते. कोणाच्या घरी मधुमेह आहे, कोणाचा गुडघा दुखतो, याची आपण आस्थेने चौकशी करतो. त्याच आस्थेने, आवाज न चढवता आणि गावभर न करता, मनाचीही चौकशी करता आली पाहिजे. एखाद्या घरात बंद दाराआड कोणी रडत असेल, तर त्या आई-वडिलांशेजारी बसून "चला, घाटीत आपण बरोबर जाऊ" असे म्हणणारा एक माणूस प्रत्येक वस्तीत असावा, एवढीच आपणा सर्वांकडून अपेक्षा.